चकरी, दोरा आणि हात

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



मासिक सभेत एका सभासदाने वीस-पंचवीस मिनिटे बोलावे, हा आपल्या मंडळाचा जुना प्रघात आहे. या जागेवरून आजवर आपण पुष्कळ चांगले विषय ऐकले. लोणच्यातले मिठाचे प्रमाण ऐकले, मधुमेहाचे पथ्य ऐकले, मृत्युपत्र कसे करावे तेही ऐकले. माझी पाळी आली तेव्हा चिटणीसबाईंनी वही उघडून विचारले, "विषय काय लिहू?" मी म्हटले, "यो-यो." त्यांनी पेन खाली ठेवले. "अहो, तो तर मुलांचा खेळ!" मी म्हटले, "खेळ मुलांचाच आहे, परंतु चूक मोठ्यांनी केली आहे. तेव्हा मोठ्यांपुढेच बोललेले बरे."

ही चूक कोणाची, ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचे ऐकताना कोणी इकडेतिकडे पाहायला नको. चूक माझी आहे. गेल्या दिवाळीच्या आधी आपल्या खेळघरासाठी चोवीस यो-यो आणले. खरेदीचे काम मजकडे होते. बाजारात तीस रुपयांना एक मिळाला. लाल, पिवळे, हिरवे असे प्लास्टिकचे छान दिसणारे होते. डझनावर काही सूट मिळाली, म्हणून मी खुशीत घरी आले. महिन्याभरात ते चोवीसही यो-यो खेळघरातल्या पत्र्याच्या पेटीत जाऊन पडले. एकाही मुलाला नीट खेळता येईना. जानेवारीच्या सभेत त्याची चर्चा झाली, आणि इतिवृत्ताच्या वहीत एक ओळ लिहिली गेली : "हल्लीच्या मुलांस धीर नाही, सबब पुढील वर्षी ही खरेदी करू नये." ही ओळ मी सांगितली होती. चिटणीसबाईंनी केवळ लिहून घेतली.

आता माझ्या नातीविषयी. ती नऊ वर्षांची आहे आणि खेळघरात येत असे. ती डावखुरी आहे. लिहिणे, चेंडू फेकणे, केस विंचरणे, सारे डाव्या हाताने. यो-यो आले तेव्हा तिनेही एक घेतला, दोरा डाव्या हाताच्या बोटात अडकवला आणि खाली सोडला. तो खाली गेला आणि तिथेच लोंबकळत राहिला. दोन-चार वेळा असे झाल्यावर मी तिला म्हटले, "अगं, उजव्या हाताने खेळ, म्हणजे येईल." मी रागावून म्हटले नाही. सहज म्हटले. आपण किती गोष्टी सहज म्हणतो!

पुढे चार-आठ दिवसांनी रात्री मी पाणी प्यायला उठले, तर ही दिव्याखाली बसलेली. उजव्या हातात पेन्सिल धरून वहीत स्वतःचे नाव लिहीत होती. पानभर नाव होते, आणि अक्षरे पहिलीतल्या मुलासारखी वाकडीतिकडी. मी विचारले, "हे काय चालले आहे?" ती म्हणाली, "उजवा हात शिकवतेय. म्हणजे यो-यो येईल."

भगिनींनो, मला त्या रात्री झोप आली नाही, कारण मीही जन्माने डावखुरीच आहे. तुमच्यापैकी फार थोड्यांना हे ठाऊक असेल. मी पाच-सहा वर्षांची असताना घरातल्या वडीलधाऱ्यांनी माझा डावा हात परकराच्या नाडीशी बांधून ठेवला होता, जेवताना आणि पाटीवर लिहिताना. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मुलगी आहे, उद्या चारचौघांत वाढायला उभी राहिली तर लोक हसतील, असे त्यांना वाटे. हात सुधारला. परंतु मला काही जमत नाही, आपल्यातच काही खोट आहे, ही समजूत मनातून जायला पुढे बरीच वर्षे लागली. आणि तीच समजूत मी एका शब्दाने माझ्या नातीच्या हातात दिली होती.

सकाळी पहिले काम केले ते असे, की माझ्या बहिणीच्या नातवाला पुण्यास फोन लावला. तो महाविद्यालयात शिकतो आणि त्याला या यो-योचे अक्षरशः वेड आहे. म्हटले, "बाळा, डाव्या हाताने यो-यो खेळता येतो की नाही?" तो हसायलाच लागला. "मावशीआजी, यो-योला डावे-उजवे कुठले? दोन्ही बाजू सारख्याच असतात. तू कात्री समजलीस की काय?" मग पुढच्याच रविवारी तो आपली डबी घेऊन आला. डबीत पाच प्रकारचे यो-यो होते. तो दिवस आम्ही तिघांनी गच्चीवर काढला. त्या दिवशी, आणि पुढे दोन महिने रोज संध्याकाळी, जे शिकले ते आज तुम्हाला सांगते.

आमच्या लहानपणी जत्रेत लाकडी चकरी मिळे. दोन लाकडी चकत्या, त्यांना जोडणारी मधली दांडी आणि दांडीला दोरा. तीच ही वस्तू. म्हणून मी तिला चकरीच म्हणणार आहे. ही काही कालपरवाची नाही. बर्लिनच्या संग्रहालयात इसवी सनापूर्वी ४४० च्या सुमाराचे एक ग्रीक पात्र आहे, त्यावर चकरी खेळणारा मुलगा रंगवलेला आहे. आणि आपल्याकडचे म्हणाल, तर १७७० च्या सुमाराचे, राजस्थानातील बुंदी-कोटा भागातले एक लघुचित्र आहे. त्यात चकरी खेळताना दाखवली आहे ती एक स्त्री. चांगली नटलेली, मोठी स्त्री. तेव्हा पुढे मी गच्चीवर पदर खोचून चकरी फेकते हे ऐकून हसू आले, तर त्या बाईंची आठवण ठेवावी!

आज सगळ्या जगात चालते ते 'यो-यो' हे नाव मात्र फिलिपिन्स बेटांतले. त्या देशातला पेद्रो फ्लोरेस नावाचा एक तरुण अमेरिकेत गेला. हॉटेलात सामान उचलण्याचे काम त्याने केले, आणि १९२८ साली कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे आपल्या गावाकडची चकरी करून विकायला सुरुवात केली. पुढे डंकन नावाच्या व्यापाऱ्याने तो धंदा विकत घेऊन मोठा केला. फ्लोरेसच्या चकरीत एक गोष्ट वेगळी होती, आणि आपल्या पत्र्याच्या पेटीतले कोडे तिच्यातच सुटते. युरोपातल्या जुन्या चकऱ्यांत दोरा दांडीला गाठ मारून पक्का केलेला असे. फिलिपिन्सच्या पद्धतीत दोऱ्याचा नुसता फास दांडीभोवती सैल घातलेला असतो.

यात काय मोठे, असे वाटेल. मलाही वाटले होते. आपल्या शिवणवर्गातल्या भगिनींना हे लवकर समजेल, कारण चकरी म्हणजे एक मोठे बॉबिनच. गुंडाळलेला दोरा धरून ती खाली सोडली की दोरा उलगडतो आणि चकरी गरगर फिरू लागते. दोरा संपला. आता जर तो दांडीला गाठीने बांधलेला असेल, तर फिरणारी चकरी त्याला उलट्या अंगाने गुंडाळू लागते आणि आपोआप वर येते. खाली, वर, खाली, वर, एवढाच तिचा खेळ. पण दोऱ्याचा सैल फास असेल, तर चकरी त्या फासात तळाशी तशीच फिरत राहते. भोवरा एका जागी स्थिर फिरतो ना, तशी. खेळणारे म्हणतात, चकरी झोपली. मग हाताने हलकासा हिसका दिला की क्षणभर दोरा सैल पडतो, चकतीच्या आतल्या अंगाला धरतो, गुंडाळू लागतो आणि चकरी झोपेतून उठून हातात येते. चकरीचे जेवढे म्हणून खेळ आहेत, ते सारे या झोपेत बसवलेले आहेत.

या झोपेची एक गंमत सांगते. एप्रिल १९८५ मध्ये अमेरिकेच्या 'डिस्कव्हरी' या अंतराळयानातून काही खेळणी वर नेली होती. त्यांत चकरीही होती. तिथे ती अगदी हळू सोडली तरी डौलाने जाई आणि परत येई. मात्र झोपेना! कारण झोपायला तिला खाली ओढून धरणारे वजन लागते, आणि तिथे खाली-वर असे काही नाहीच. त्याच यानात रिया सेडन नावाच्या डॉक्टरबाई होत्या. त्यांच्या वाट्याला आला तो आपल्या सागरगोट्यांसारखा खेळ. सोंगट्या सोडल्या की तरंगत पांगत. एका बाईने अंतराळात सागरगोटे खेळावेत, आणि आपण इथे 'हे वय आहे का' म्हणून हात आखडावा, हे काही बरे नव्हे.

असो. आता त्या डबीतल्या पाच चकऱ्यांची ओळख करून देते.

पहिली लाकडी. चकत्या लाकडाच्या आणि दांडीही लाकडाची. हातात घेतल्याबरोबर ती आपली वाटते. ऊबदार, हलकी, स्वैपाकघरातल्या काट्यावर ५० ग्रॅमच्या आसपास. तिचा आवाज मला फार आवडतो, जात्याची घरघर लांबून ऐकू यावी तसा. पण ही मोठी मानी आहे. सुती दोरा लाकडी दांडीवर घासतो, म्हणून ती फार वेळ झोपत नाही. माझ्या हातात चार-पाच सेकंद, बहिणीच्या नातवाच्या हातात पंधरा. फेक सरळ नसेल तर लगेच कलंडते. दोरा दांडीपाशी झिजतो, तो वरचेवर बदलावा लागतो. आणि दोरा सुतीच हवा. पॉलिएस्टरचा घातला तर घासून तापतो आणि वितळून तुटतो. ही चकरी तुमची प्रत्येक चूक दाखवते. शिकलेल्याने आपला हात तपासून पाहावा तो हिच्यावर.

दुसरी प्लास्टिकची गोल. हिच्या चकत्यांच्या कडा गोलसर वळलेल्या, दोन बशा तोंडाला तोंड लावून ठेवाव्यात तशा. १९५० च्या दशकात प्लास्टिक स्वस्त झाले तेव्हापासून हा आकार जगभर गेला. दांडी धातूची आणि गुळगुळीत असते, त्यामुळे लाकडीपेक्षा थोडी जास्त झोपते. मधली फट अरुंद असल्यामुळे हिसका दिला की पटकन परत येते. समोर फेकून, हातात न धरता पुन्हापुन्हा फिरवायचे जे खेळ आहेत, त्यांना हा आकार चांगला. माझ्या दृष्टीने ही सरळ स्वभावाची, सांगितलेले ऐकणारी.

तिसरी फुलपाखरू. हिच्या चकत्या उलट्या बसवलेल्या दिसतात. मधली फट बाहेरच्या बाजूला उघडत जाते, डमरूसारखी. याचा उपयोग असा, की चकरी खाली झोपलेली असताना तिला उचलून ताणलेल्या दोऱ्यावर ठेवता येते. अरुंद फटीच्या चकरीत हे करायचे म्हणजे धावत्या सुईत दोरा ओवण्यासारखे आहे. हिच्यात तोंड रुंद असल्याने दोरा आपोआप आत येतो. पाळणा, झोपाळा, मनोरा असे दोऱ्याचे जेवढे नखरे आहेत, ते हिच्यावर करावेत. माझ्या नातीला हीच आवडली.

चौथी क्लचची. ही फार हुशार. आत स्प्रिंग लावलेले दोन लहान हात आहेत. चकरी जोरात फिरते तेव्हा ते हात बाहेर फेकले जातात आणि दांडी मोकळी राहते, म्हणून चकरी झोपते. वेग कमी झाला की स्प्रिंग त्यांना आत ओढते, ते दांडीला घट्ट धरतात आणि चकरी आपली आपण वर येते. हिसका द्यायला नको. १९८० च्या दशकात या निघाल्या. अगदी नवख्या हाताला यासारखे समाधान नाही. मी पहिल्या दिवशी हिच्यावरच शिकले, आणि चकरी परत हातात आल्याबरोबर लहान मुलीसारखी ओरडले. मात्र हिच्यात खोट अशी, की परत केव्हा यायचे ते ती ठरवते, तुम्ही नाही. एखादा खेळ निम्म्यावर आला असताना बाईसाहेब उठून चालायला लागतात. पंधरा दिवसांनी मला ते खुपू लागले. शिकवायला चांगली, पण कायम तिच्यावर राहू नये.

पाचवी धातूची, ॲल्युमिनियमची. हजार रुपयांच्या पुढची वस्तू, म्हणून मी आधी हातात घ्यायलाच भीत होते. वजन ६५ ग्रॅम, पण खुबी अशी की ते वजन बहुतेक सगळे कडेला आहे आणि मध्यभाग पोकळ कोरलेला आहे. शिवणयंत्राचे चाक आठवा. त्याची कड जड असते म्हणून पाय थांबला तरी चाक चार टाके पुढे जाते. तेच तत्त्व इथे आहे. शिवाय दांडीवर छऱ्यांचे बेअरिंग. दोरा बेअरिंगवर बसतो, तो जागच्या जागी राहतो आणि चकरी आत फिरत राहते, म्हणून घासणे जवळजवळ नाहीच. सॅन फ्रान्सिस्कोचा टॉम कून नावाचा एक दंतवैद्य होता. दातांची कामे करता करता त्याला चकऱ्या घडवण्याचा नाद लागला, आणि १९९० च्या सुमारास त्याने बेअरिंगची ॲल्युमिनियमची चकरी काढली. तेव्हापासून हा खेळच पालटला. आता चांगला खेळाडू फेकतो ती चकरी मिनिटांच्या हिशेबाने झोपते.

ही मी मोठ्या अपेक्षेने फेकली. झोपली, सुरेख झोपली, आवाज नाही की थरथर नाही. मी हिसका दिला. ती उठली नाही. पुन्हा दिला. ती आपली फिरते आहे, मग हळूहळू फिरायची थांबली आणि मेल्यासारखी लोंबकळू लागली. मी म्हटले, "अरे, तुझी एवढी महागाची चकरी बिघडलेली आहे की!" तो म्हणाला, "मावशीआजी, ही अशीच असते. हिला हिसका कळत नाही." या चकरीला परत आणायची रीत निराळी आहे. दोऱ्याची घडी करून तिचा एक वेढा फिरत्या चकरीच्या फटीत भरवायचा. तो आत अडकला की चकरी दोरा पकडते आणि वर येते. ते शिकायला मला तीन आठवडे लागले, आणि मधल्या काळात बोटाच्या सांध्यावर दोन काळेनिळे डाग.

इथे मला आणखी एक गोष्ट कळली. समजा, मागच्या दिवाळीत माझ्याजवळ भरपूर पैसे असते आणि मी मुलांसाठी सर्वांत महागाच्या, सर्वांत चांगल्या म्हणून याच चकऱ्या आणल्या असत्या, तर? एकही परत आली नसती. आणि मी वहीत तीच ओळ लिहायला सांगितली असती, कदाचित जास्त रागाने. वस्तू चांगली की वाईट हे तिच्या किमतीवरून ठरत नाही, कोणाच्या हातात आणि कशासाठी द्यायची यावर ठरते. आपण सुनेला पहिल्या दिवशी पुरणपोळी करायला सांगतो आणि मग म्हणतो, हिला स्वैपाक येत नाही. त्यातलाच प्रकार.

आता दोऱ्याविषयी. चकरी कोणतीही असो, निम्मा खेळ दोऱ्यात आहे. दोऱ्याची लांबी खेळणाऱ्याच्या मापाची हवी. चकरी जमिनीवर ठेवून दोरा सरळ वर धरावा, बेंबीच्या दोन-तीन बोटे वर कापावा आणि तिथे बोटासाठी फास करावा. फास सरकगाठीचा असावा आणि मधल्या बोटाच्या पहिल्या व दुसऱ्या पेराच्या मध्ये बसवावा. मूल खेळत असताना अधूनमधून फास सैल करून बोट पाहावे. तळहात आकाशाकडे करून चकरी धरली की बोटापासून निघालेला दोरा चकरीच्या माथ्यावरून गेलेला दिसला पाहिजे, खालून नव्हे. चोवीस मुलांपैकी निम्म्यांनी ती उलटी धरली होती. आम्ही कोणी सांगितलेच नव्हते, कारण आम्हालाच ठाऊक नव्हते.

दुसरी गोष्ट पिळाची. चकरीचा दोरा आपण वातीसाठी सूत वळतो तसाच असतो. लांब सुताला पीळ द्यायचा आणि मधोमध दुमडायचे, की दोन पदर एकमेकांभोवती आपोआप वळतात. दुमडलेल्या टोकाचा पीळ उलगडला की तिथे फास तयार होतो, तोच दांडीत घालायचा. आता खेळताना प्रत्येक फेकीबरोबर पीळ थोडा चढतो किंवा उतरतो. जास्त चढला तर फास दांडीला आवळतो आणि चकरी झोपत नाही. जास्त उतरला तर फास सैल पडतो आणि चकरी परत येत नाही. आणि भगिनींनो, इथे मात्र डाव्या-उजव्याचा फरक आहे. एकाच दोऱ्यात उजव्या हाताने जो पीळ चढेल, तो डाव्या हाताने उतरेल. म्हणून काय करायचे? फार काही नाही. चकरी खाली मोकळी सोडायची, ती स्वतःभोवती गिरक्या घेऊन दोऱ्याचा पीळ ठिकाणावर आणते. दहा सेकंदांचे काम. डावखुऱ्या मुलीला एवढेच सांगायचे होते. मी तिला हात बदलायला सांगितला.

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही खेळघराची पेटी उघडली. बहिणीच्या नातवाने एकेक चकरी उजेडात धरून पाहिली. चोवीसही चकऱ्यांत गुळगुळीत नायलॉनची जाड दोरी होती. काहींत ती दांडीला घट्ट गाठ मारून बांधलेली, म्हणजे चकरी कधी झोपणारच नाही. बाकीच्यांत गाठ सुटत आलेली, म्हणजे दांडी नुसतीच फिरते, दोरी तिला धरत नाही आणि चकरी खालीच राहते. दोरीची लांबी सगळ्यांची सारखी, ११० सेंटिमीटर. मग त्याने टेप घेतली आणि माझ्या नातीला उभे केले. तिची बेंबी जमिनीपासून ७७ सेंटिमीटरांवर भरली. म्हणजे दोरी पुरती उलगडण्याच्या आतच तिची चकरी जमिनीवर आपटत होती. कोणत्याही हाताने खेळली असती तरी ती परत येणार नव्हती.

मला सर्वांत लागली ती गोष्ट पुढे आहे. त्या चोवीस मुलांत उजव्या हाताची तेवीस होती. त्यांनाही चकरी येत नव्हती. त्यांना आपण म्हटले, 'धीर नाही.' हिला म्हटले, 'हात चुकीचा.' चकरी उघडून मात्र कोणीच पाहिली नाही. ज्याच्यात जे वेगळे दिसते, त्यावर आपण दोष ठेवून मोकळे होतो. पोळी करपली तर नव्या सुनेचे लक्ष नाही असे म्हणतो. तवा एका बाजूने पातळ झाला आहे की काय, हे चार वर्षांनी तवा बदलल्यावर कळते.

पुढचे दोन महिने मी क्रोशाच्या सुती दोऱ्याचे पीळ घालीत बसले. बारीक कात्रीने जुनी दोरी कापायची, नवा फास दांडीवर चढवायचा. चकरी उघडावी लागत नाही, फास मोठा करून चकतीवरून ओढला की झाले. चोवीसपैकी सतरा चकऱ्या चांगल्या चालू लागल्या. सातांच्या चकत्या मुळातच तिरप्या चिकटवलेल्या होत्या, त्या फिरताना थडथडतात. त्यांचा उपाय नाही. त्या पेटीतच ठेवल्या आहेत, खरेदी करणाऱ्याने आधी काय पाहावे हे दाखवायला. दोन चकत्या सरळ आहेत ना, दोरा फासाचा आहे ना आणि फट दोन्हीकडे सारखी आहे ना, इतके तीन प्रश्न दुकानात उभ्याउभ्या पाहता येतात. मी सूट किती मिळेल ते पाहत होते.

पुढच्या खरेदीसाठी माझे मत विचाराल तर असे. धातूच्या नकोत. दोन क्लचच्या घ्याव्यात, पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला एकदा तरी चकरी हातात परत आल्याचा आनंद मिळावा म्हणून. बाकीच्या साध्या गोल, आणि मोठ्या मुलांसाठी चार फुलपाखरी. एक लाकडी मी स्वतः देईन. दोरे आपण घरी करू. एका दुपारी दहाजणी बसलो तर वर्षाचे दोरे होतील. मुले मोकळ्या जागी, एकमेकांपासून दोन हात लांब उभी राहावीत, आणि डोक्यावर दिवा-पंखा नसावा, एवढे मात्र कोणी तरी पाहावे.

माझी नात आता डाव्या हाताने खेळते. चकरी झोपवते, दोऱ्याचा पाळणा करते आणि त्यात तिला झुलवते. अजून तीनांतून एकदा चुकते. चुकली की ती आधी दोऱ्याकडे पाहते, पीळ मोकळा करते आणि पुन्हा फेकते. वहीतले ते उजव्या हाताने लिहिलेल्या नावाचे पान तिने फाडून टाकायला घेतले होते. मी ते मागून घेतले. माझ्या पोथीत ठेवले आहे.

आणि मी? परवा सकाळी गच्चीवर कोणी नाही असे पाहून मी लाकडी चकरीचा दोरा डाव्या हाताच्या बोटात अडकवला. जवळजवळ सत्तर वर्षांनी त्या हाताला मी काही काम सांगितले. पहिल्यांदा कलंडली. दुसऱ्यांदा कलंडली. पाचव्यांदा झोपली, आणि हिसका दिल्याबरोबर हातात आली. हात विसरला नव्हता.

शेवटी एकच विनंती करते आणि खाली बसते. जानेवारीच्या इतिवृत्तातली ती ओळ खोडू नये. वहीत लिहिलेले खोडत नाहीत, हा आपला नियम आहे आणि तो चांगला आहे. फक्त तिच्याखाली आजच्या तारखेची दुसरी ओळ लिहावी : "चकऱ्या तपासल्या. दोष दोऱ्याचा होता. मुलांचा नव्हता." सही मी करते. डाव्या हाताने चालत असेल, तर डाव्या हाताने करते.